नकाशावरील रेघ आणि नागरिकाची लेखणी

कोणत्याही नगराचा पुढील वीस वर्षांचा आराखडा तयार झाला म्हणजे वृत्तपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक टायपात एक जाहीर सूचना छापून येते. अमुक कायद्याच्या तमुक कलमान्वये आराखडा प्रसिद्ध करण्यात येत असून तो कचेरीच्या वेळेत पाहावयास मिळेल, आणि ज्या कोणास हरकत वा सूचना नोंदवावयाची असेल त्याने ती विहित मुदतीत लेखी स्वरूपात द्यावी, एवढाच काय तो मजकूर. सकाळच्या चहाबरोबर वृत्तपत्र चाळणारा नागरिक लग्नाच्या, निधनाच्या आणि सोन्याच्या भावाच्या बातम्या बारकाईने वाचतो व नेमकी ही सूचना ओलांडून पुढे जातो. मग पाच-सात वर्षांनी मोजणीचे लोक त्याच्या परसात येऊन खुणेचे दगड रोवू लागतात, तेव्हा तो खडबडून जागा होतो. तो कचेरीत धाव घेतो, पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवतो, वकील गाठतो. आणि सर्व ठिकाणी त्यास एकच उत्तर मिळते : आपण मुदतीत हरकत घेतली नव्हती. हे उत्तर कायद्याने बिनचूक असते, आणि म्हणूनच ते अधिक झोंबते.

नगराच्या भवितव्याचा खरा निर्णय आराखडा मंजूर होतो त्या दिवशी लागत नाही, तो हरकतीच्या मुदतीत लागतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या मुदतीत ज्यांनी लेखणी उचलली त्यांचे नगर एका प्रकारचे होते आणि जे मूग गिळून बसले त्यांचे दुसऱ्या प्रकारचे. मोर्चे आणि घोषणा यांची महती आम्ही जाणतो. परंतु नकाशावर एकदा उमटलेली रेघ घोषणेने पुसली जाणे कठीण. तिला मुद्देसूद, लेखी आणि वेळेवर दिलेली हरकतच पुसू शकते. याची उदाहरणे आपल्या डोळ्यांपुढे घडलेली आहेत, आणि आमच्या सीमाभागातील नगरवासीयांनी ती नीट अभ्यासावी, यासाठी आज हा विषय आम्ही हाती घेतला आहे.

प्रथम आराखडा म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते की, आराखडा म्हणजे सरकारने रंगविलेले एक सुखस्वप्न, उद्याने, तलाव व रुंद रस्ते यांचे चित्र, ज्याचा आपल्या घराशी काही संबंध नाही. वस्तुतः ते एक कायद्याचे बळ असलेले दस्तऐवज होय. त्यात वस्तीसाठी एक रंग, व्यापारासाठी दुसरा, कारखान्यांसाठी तिसरा आणि मोकळ्या हरित भूमीसाठी चौथा असे नगराचे वाटप केलेले असते. शाळा, दवाखाना, क्रीडांगण, स्मशान, मंडई यांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. अस्तित्वात असलेले रस्ते किती फूट रुंद व्हावयाचे आणि नवे रस्ते कोणाच्या वाड्यातून वा कोणाच्या भातशेतातून जावयाचे, हेही त्यातच ठरते. ज्या जागेवर आरक्षणाचा शिक्का बसला, तिच्या मालकास तेथे मनाजोगते बांधकाम करता येत नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात आरक्षणाखालील जागा दहा वर्षे ताब्यात घेतली गेली नाही तर मालकास खरेदीची नोटीस देऊन ती सोडवून घेण्याचा मार्ग आहे. म्हणजे एका रंगाच्या ठिपक्यापायी एखाद्या कुटुंबाची दहा वर्षे टांगणीला लागू शकतात. ज्या ठिकाणी आरक्षण हवे होते आणि ठेवले गेले नाही, तेथे तर संपूर्ण पेठेच्या मुलांना खेळण्यास जागा उरत नाही, आणि हा तोटा पिढ्यान् पिढ्यांचा असतो.

नगररचनेचा हा कायदा आपल्या प्रदेशास नवा नाही. हिंदुस्थानातील पहिला नगररचना कायदा १९१५ साली मुंबई इलाख्यात झाला, आणि बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्याचा भाग होता. पुढे मुंबई राज्याच्या १९५४ च्या कायद्याने प्रत्येक नगरसंस्थेने आपला विकास आराखडा करावा, असे बंधन घातले. महाराष्ट्रात त्याची जागा १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने घेतली. म्हैसूर राज्याने १९६१ साली आपला कायदा केला आणि तोच आज कर्नाटकाचा कायदा म्हणून सीमाभागातील नगरांस लागू आहे. गोव्याने १९७४ मध्ये आपला कायदा केला. या सर्व कायद्यांत शब्द निराळे असले तरी प्रारूप आराखडा लोकांपुढे ठेवल्याखेरीज आणि त्यांचे म्हणणे मागविल्याखेरीज तो अंतिम होऊ नये, हे तत्त्व समान आहे. महाराष्ट्राच्या अधिनियमात तर हरकत घेण्याचा अधिकार 'कोणत्याही व्यक्ती'स आहे. तो केवळ सातबाऱ्यावर नाव असलेल्या जमीनमालकाचा नव्हे. भाडेकरू, फळविक्रेती, शाळेत पायी जाणाऱ्या मुलांची आई, सेवानिवृत्त कारकून, या सर्वांचा तो सारखा अधिकार आहे. पुढे १९९२ मध्ये संसदेने चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती संमत केली आणि घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांची जी अठरा कामे गणली गेली, त्यांत पहिलेच स्थान नगररचनेस मिळाले. कायद्याच्या पुस्तकात नागरिकाची बाजू दुबळी नाही. ती दुबळी आहे व्यवहारात.

व्यवहारात ती कशी बळकट होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईने घालून दिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई महानगरपालिकेने २०१४ ते २०३४ या वीस वर्षांसाठीचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि हरकतींसाठी साठ दिवसांची मुदत दिली. आराखडा करणारे तज्ज्ञ होते, यंत्रणा मोठी होती, खर्चही मोठा झाला होता. परंतु लोकांनी आपापल्या विभागाचे नकाशे उघडून पाहिले तेव्हा अनेकांना आपले नगर त्यात ओळखूच येईना. कोठे उभ्या इमारतींच्या पोटातून रस्ता काढलेला, कोठे वारसावास्तूंची नोंदच नाही, कोठे देवळाच्या, चर्चच्या वा शाळेच्या जागी भलतेच काही दाखविलेले. काही रेल्वे स्थानकांच्या परिसरात चटई क्षेत्र निर्देशांक आठपर्यंत नेण्याचे सुचविले होते, म्हणजे भूखंडाच्या आठपट क्षेत्रफळाचे बांधकाम. ज्या गल्ल्यांना आजचाच पाण्याचा व मलनिःसारणाचा भार पेलवत नाही, तेथे ही उंची कोणाच्या हिताची, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न झाला. आरे वसाहतीची हिरवी भूमी विकासास मोकळी करण्याच्या कल्पनेने तर सारे शहर अस्वस्थ झाले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईच्या नागरिकांना हे सर्व एका रात्रीत उमगले नाही. आराखड्यापूर्वी विद्यमान भूवापराचे नकाशे मांडण्यात आले होते, तेव्हापासूनच अनेक संस्था, वास्तुशास्त्रज्ञ आणि वस्तीवस्तीतील कार्यकर्ते ते तपासून त्यांतील चुका दाखवीत होते. नकाशा कसा वाचावा, आपल्या वॉर्डाचे पान कोणते, हरकतीचा अर्ज कसा लिहावा, याच्या बैठकी होत होत्या. त्यामुळे साठ दिवस सुरू झाले तेव्हा लोक कोऱ्या पाटीचे नव्हते. कोळीवाडे, गावठाणे आणि आदिवासी पाडे यांच्या हद्दी नकाशावर नीट दाखवाव्यात, ही मागणी ज्यांनी केली ते त्या वस्त्यांचे पिढीजात रहिवासी होते. त्यांस पदवीची गरज नव्हती. जाळी कोठे वाळत घालतात आणि होड्या कोठे ओढतात, हे त्यांच्याइतके नकाशाकारास ठाऊक असणे शक्यच नव्हते.

परिणाम काय झाला? साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना जमा झाल्या, आणि मुदत संपण्यापूर्वीच, एप्रिल २०१५ मध्ये, राज्य शासनाने तो आराखडा बाजूस ठेवून चुका दुरुस्त करून नव्याने मांडण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, पुन्हा हरकती मागविण्यात आल्या, जुलै २०१७ मध्ये महापालिकेच्या सभागृहाने त्यास संमती दिली आणि शासनाच्या मंजुरीनंतर १ सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. एवढ्या अवाढव्य नगराचा आराखडा सामान्य माणसांच्या कागदांनी परत फिरविला, ही घटना लहान नव्हे. ज्यांच्या मुखी 'आपल्या एका अर्जाने काय होणार' हे वाक्य नेहमी असते, त्यांनी ती एकदा आठवून पाहावी.

तथापि या यशाने हुरळून जाण्याचे कारण नाही. सुधारित आराखड्यावर आलेल्या हरकतींची संख्या पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळच कमी होती. काही चुका दुरुस्त झाल्या होत्या हे त्याचे एक कारण असेल, परंतु पहिली लाट ओसरल्यावर पाळत ढिली पडते, हेही नाकारता येणार नाही. मिठागरांच्या काही जमिनी परवडणाऱ्या घरांसाठी खुल्या करण्याचा प्रस्ताव या सुधारित आराखड्यात होता आणि त्यावरील वाद पुढे चालूच राहिला. शिवाय मंजूर झालेला आराखडा प्रत्यक्षात उतरतोच असे नाही. मुंबईच्या आधीच्या दोन आराखड्यांतील निम्म्या तरतुदीही अमलात आल्या नव्हत्या. तात्पर्य, हरकतीचा कागद ही लढाईची सुरुवात आहे. क्रीडांगणाची जागा नकाशावर मिळविल्यानंतर ती जमिनीवर मिळेपर्यंत नागरिकाने डोळ्यांत तेल घालून बसले पाहिजे.

पुण्याचा अनुभव याहून निराळा बोध करतो. २००७ ते २०२७ या कालावधीसाठीचा पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे आराखड्याच्या आयुष्याची सहा वर्षे तो लोकांपुढे येण्यापूर्वीच सरली होती. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. त्यांची सुनावणी करणाऱ्या नियोजन समितीत शासननियुक्त तज्ज्ञ आणि नगरसेवक यांचे एकमत झाले नाही, दोघांनी निरनिराळे अहवाल दिले. विहित मुदतीत निर्णय न झाल्याने २०१५ मध्ये शासनाने आराखडा आपल्या हाती घेतला, आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यास मंजुरी मिळाली. वीस वर्षांचा आराखडा दहाव्या वर्षी मंजूर व्हावा, हे वरातीमागून घोडे नाही तर काय? या अवधीत शहर थांबून राहिले नाही. ते वाढतच होते, आणि ज्या मोकळ्या जागा आराखडा राखू पाहत होता त्यांतील कितीतरी बांधकामाखाली जात होत्या. विलंबाचा दोष हरकती घेणाऱ्यांच्या माथी मारणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. मुळात आराखडा सहा वर्षे उशिरा आणावयाचा आणि मग लोकांनी त्यावर विचार केला म्हणून उशीर झाला म्हणावयाचे, हा उलटा न्याय झाला.

आमच्या शेजारच्या गोमंतकाने तर या विषयात सर्वांच्या आधी धडा घालून दिला होता. ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या प्रादेशिक आराखडा २०११ मध्ये डोंगरउतार, शेते व बागायती यांच्या मोठ्या क्षेत्रांवर वस्तीचा रंग चढलेला पाहून गोव्यातील ग्रामस्थ, वास्तुशास्त्रज्ञ आणि संस्था 'गोवा बचाव अभियान' म्हणून एकत्र आल्या आणि जानेवारी २००७ मध्ये शासनास तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतरचा २०२१ सालापर्यंतचा आराखडा करताना, चार्ल्स कुरैया यांच्यासारखे वास्तुशास्त्रज्ञ ज्या कृतिदलात होते, त्याचे प्रारूप गावोगाव पाठवून ग्रामपंचायतींकडून सूचना मागविण्यात आल्या. त्या आराखड्याचे पुढे राजकारणात जे झाले ते झाले. २०१२ मध्ये तो स्थगित ठेवण्यात आला, हे दुर्दैव होय. परंतु खेड्यातील माणसाने आपल्या गावाचा नकाशा हाती धरून, हे शेत आहे, ही खाजन जमीन आहे, येथे घरे नकोत, असे लिहून देण्याची प्रथा तेथे पडली, ती कोणी काढून घेऊ शकणार नाही.

आता आमच्या नगरांकडे वळू. कर्नाटकाच्या कायद्यानुसार झालेल्या आराखड्यांचे काय होऊ शकते, हे बेंगळुरूने दाखविले आहे. २०१७ मध्ये तेथे प्रसिद्ध झालेल्या २०३१ पर्यंतच्या सुधारित बृहत् आराखड्यावर हजारो हरकती आल्या आणि पुढे तो गुंडाळावा लागला. कायदा तोच, अधिकार तोच. मग बेळगाव, खानापूर, निपाणीच्या नागरिकाने स्वतःस असहाय का समजावे? बेळगावची निवड तर जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाने स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस नगरांत केली, पुणे, सोलापूर आणि इंदूरही त्याच यादीत होते. एवढ्या मोठ्या बदलाच्या वाटेवर असलेल्या नगरातील रहिवाशाने पुढील वीस वर्षांच्या आराखड्याविषयी उदासीन असणे परवडणारे नाही.

हलगा–मच्छे बायपासचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ शिवारातील सुपीक भातजमीन वाचविण्यासाठी तेथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे झुंज दिली, कचेऱ्या आणि न्यायालये यांच्या पायऱ्या चढल्या. त्यांच्या चिकाटीस आमचा नमस्कार आहे. परंतु भूसंपादनाची नोटीस हातात पडते तेव्हा लढाई चढणीची झालेली असते, कारण रेघ आधीच ओढली गेलेली असते. तीच रेघ कागदावर पेन्सिलीने काढलेली असते तेव्हा जो एक अर्ज पुरतो, त्याच्या जागी नंतर दहा वर्षांची वकिली फी लागते. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत आपण सोडली पाहिजे.

बळ्ळारी नाल्याचेही तसेच. पावसाळ्यात त्याचे पाणी कोठपर्यंत चढते, कोणत्या शिवारात ते आठवडाभर साचून पीक कुजविते, हे तेथील शेतकरी बोटाने दाखवू शकतो. त्या पाण्याच्या वाटेवर जर उद्या कोणी वस्तीचा रंग भरला, तर पूर घरात शिरेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आवळल्या गेलेल्या मिठी नदीने आपली जुनी जागा कशी परत मागितली, हे साऱ्या देशाने पाहिले. तज्ज्ञ म्हणतात, सामान्य माणसास नगररचना कळत नाही. त्यांचे सूत्र आणि परिभाषा त्यास कळत नाही, हे खरे. पण पाणी कोठे साचते, अंत्ययात्रा कोणत्या वाटेने जाते, बाजाराच्या दिवशी गाड्या कोठे अडतात, कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही टिकते, हे तज्ज्ञास कोण सांगणार? या दोन ज्ञानांची भेट व्हावी, यासाठीच कायद्याने हरकतीची मुदत ठेवली आहे.

आणि येथेच आमच्या भागापुरता सर्वांत कळीचा मुद्दा येतो, तो भाषेचा. जो आराखडा रहिवाशास वाचता येत नाही, त्यावर त्याचे मत मागविणे हा केवळ उपचार ठरतो. आराखड्याचा अहवाल शेकडो पानांचा, परिभाषा क्लिष्ट, त्यात भाषा परकी. अशा स्थितीत वडगावच्या विणकराने वा खानापूरच्या शेतकऱ्याने साठ दिवसांत काय वाचावे आणि काय लिहावे? जी गोष्ट त्याच्या घरावर, शेतावर आणि मुलांच्या शाळेवर परिणाम करणार, ती त्यास त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे. भारत शासनाच्या १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या निवेदनात, ज्या नगरपालिका वा तालुक्यांत अशा भाषिकांचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे सुचविलेले आहे. नगराच्या वीस वर्षांच्या भवितव्याहून महत्त्वाची सूचना आणखी कोणती असू शकते?

परंतु प्रशासन आपले कर्तव्य करील तेव्हा करील, आपण आपल्या अधिकाराचा उपयोग आजच करावयास हवा. आपल्या घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीस आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे मांडण्याचा हक्क दिलेला आहे. आपली हरकत मराठीत लिहिली म्हणून ती फेटाळली जाईल, ही भीती मनातून काढून टाकावी. ज्या भाषेत आपण आपल्या गल्लीचे, विहिरीचे, शिवाराचे नाव घेतो, त्याच भाषेत हरकत लिहावी. कचेरीच्या सोयीसाठी सोबत भाषांतर जोडता आले तर अवश्य जोडावे, त्यात कमीपणा नाही. आपला हेतू भांडण करण्याचा नसून आपले म्हणणे दप्तरी दाखल करण्याचा आहे. या नगरांत आमच्या शेजारी राहणारा कानडी भाषिक, उर्दू भाषिक, कोंकणी भाषिक यांच्याही घरावरून तीच रेघ जाते, त्यांच्याही मुलांना तेच क्रीडांगण हवे असते. तेव्हा गल्लीची हरकत ही साऱ्या गल्लीची असावी, प्रत्येकाने आपापल्या भाषेत, पण एकाच मुद्द्यावर.

हरकत कशी लिहावी, याविषयी चार शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण हजारो अर्ज निष्फळ होतात ते रागाच्या अभावी नव्हे, तर तपशिलाच्या अभावी. 'हा आराखडा जनताविरोधी आहे, तो रद्द करा' असे लिहिलेल्या कागदावर समिती काय सुनावणी करणार? त्याऐवजी नकाशाचे पान, गट अथवा सर्व्हे क्रमांक, रस्त्याचे नाव, प्रस्तावित रुंदी हे प्रथम लिहावे. आज तेथे प्रत्यक्ष काय आहे ते सांगावे : इतकी घरे, इतकी वर्षे, अशी विहीर, असे झाड. मग प्रस्तावाने काय बिघडेल ते सांगावे, आणि शेवटी त्याऐवजी काय करता येईल हे सुचवावे, कारण ज्याच्याकडे पर्याय आहे त्याचे म्हणणे टाळणे कठीण जाते. सोबत घरपट्टीची पावती, उतारा, छायाचित्र जोडावे. शेजारच्याच अर्जाची अक्षरशः नक्कल करून हजार प्रती देण्याचा मोह टाळावा, कारण हजार सारखे कागद वाचणाऱ्यास एकच वाटतात आणि दहा निरनिराळे अनुभव दहा वाटतात. अर्ज देताना पोच घेण्यास विसरू नये, सुनावणीच्या दिवशी जातीने हजर राहावे, आणि जेथे हरकत मान्य झाली तेथे अंतिम नकाशात ती उतरली की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे.

हे काम एकट्याने होण्यासारखे नाही, आणि सुदैवाने आमच्या नगरांत एकत्र येण्याची परंपरा जुनी आहे. गल्लीगल्लीत पंचमंडळे आहेत, वाचनालये आहेत, तालमी आहेत, गणेशोत्सव मंडळे व महिला मंडळे आहेत. दरवर्षी मिरवणुकीच्या मार्गावरून तासन् तास चर्चा करणाऱ्या मंडळांनी एक रविवार आपल्या गल्लीच्या नकाशासाठी द्यावा. वाचनालयाच्या दालनात आराखड्याचे पान भिंतीवर लावावे. एखाद्या निवृत्त ओव्हरसियरने, एखाद्या शिक्षकाने, एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने लोकांस तो समजावून सांगावा. ज्या वृद्धांस लिहिता येत नाही, त्यांच्या तोंडून ऐकून तरुणांनी अर्ज लिहावेत. नकाशा पाहण्यास स्त्रियांस आवर्जून बोलवावे, कारण पाणी, शाळा, बाजार आणि दवाखाना यांच्या वाटा दिवसातून सर्वाधिक वेळा त्याच तुडवितात, आणि नकाशावरची उणीव सर्वांत आधी त्यांच्याच नजरेस पडते. तसेच ज्यांच्या नावावर जागा नाही, जे भाड्याच्या खोल्यांतून राहतात वा पदपथावर धंदा करतात, त्यांच्या घरी कोणतीही नोटीस कधीच येत नाही. त्यांच्यापर्यंत बातमी पोहोचविणे हे शेजाऱ्यांचे काम आहे.

प्रशासनासही आमचे सांगणे आहे. आराखड्याचे प्रारूप केवळ मुख्य कचेरीच्या एका टेबलावर ठेवून भागणार नाही. ते प्रत्येक प्रभागात, सुटीच्या दिवशीही, वाचता येईल अशा मोठ्या प्रमाणाच्या नकाशांत आणि तेथील लोकांच्या भाषांत ठेवले पाहिजे. आलेल्या प्रत्येक हरकतीचे काय झाले, ती मान्य झाली की अमान्य आणि का, याचे लेखी उत्तर त्या नागरिकास गेले पाहिजे. ज्या नगरवासीयास आपल्या अर्जाचे उत्तर मिळते, तो पुढच्या वेळी पुन्हा लिहितो. ज्यास काहीच कळविले जात नाही, तो पुढच्या वेळी दगड उचलतो किंवा गप्प बसतो, आणि दोन्हींत नगराचे नुकसानच आहे. हरकती म्हणजे कामातील अडथळा, ही वृत्ती अधिकाऱ्यांनी टाकावी. फुकट मिळालेली इतकी बारकाईची पाहणी कोणत्याही सल्लागार कंपनीस लाखो रुपये देऊनही मिळणार नाही.

आपल्या वाडवडिलांनी या नगरांत तळी खोदली, पार बांधले, आमराया लावल्या, त्या वेळी कोणत्याही कायद्याने त्यांस बोलाविले नव्हते. आज कायदा आपल्यास बोलावितो आहे, भले बारीक टायपात का असेना. तेव्हा यापुढे वृत्तपत्रातील ती लहानशी जाहीर सूचना नागरिकांनी कापून जपून ठेवावी, तिच्यावर मुदतीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून गल्लीच्या फलकावर लावावी, आणि त्या तारखेच्या आत आपल्या घराची, विहिरीची व वाटेची हकीकत आपल्या भाषेत लिहून कचेरीत दाखल करावी. पोचपावती मात्र जपून ठेवावी. पाच-सात वर्षांनी दारात मोजणीचे लोक आले तर तीच प्रथम मागितली जाईल.